चिंगीची इम्युनिटी

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलेय. मधले अडीच महिने लिहिणं सोडाच, धड झोपही नव्हती. आणि कारण प्रोजेक्ट नव्हतं (ते काय, नेहमीचंच). कारण आत्ता माझ्या डाव्या हाताला, लॅपटॉपच्या चार्जरची ऊब घेत पसरलंय. चिंगी. वय वर्षं अकरा, वजन तीन किलो चारशे, आणि गेले दहा आठवडे केमोथेरपी चालू.

"मांजराला केमो??" हा प्रश्न आतापर्यंत मला ऑफिसात, सोसायटीत आणि एकदा तर बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानेही विचारलाय. हो, मांजराला केमो. औषधं बरीचशी माणसांचीच, पण हेतू थोडा वेगळा. रोग मागे हटावा आणि जितके दिवस मिळतील ते बरे जावेत, एवढाच. माणसाला बरं करण्याच्या हट्टापायी जितकं पिळून काढतात तितकं जनावराला पिळत नाहीत. केस सहसा गळत नाहीत, मिशा मात्र गळतात. चिंगीच्या डाव्या बाजूला आता दोनच उरल्यात, त्यामुळे ती सतत काहीतरी खवचट बोलायच्या बेतात असल्यासारखी दिसते.

पण आजचा विषय हा नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की हमखास जो दुसरा प्रश्न येतो, तो आहे: "मग इम्युनिटीसाठी काय देतेस तिला?"

काही नाही देत. हे उत्तर ऐकून लोकांचे चेहरे असे होतात की जणू मी तिला उपाशीच ठेवलंय. आणि खरं सांगायचं तर आधी मीही त्यांच्यातलीच होते. दिलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

पावसाळ्यात तिच्या उलट्या सुरू झाल्या. मांजरं उलट्या करतातच, म्हणून आम्ही महिनाभर दुर्लक्ष केलं. मग वजन उतरलं. आपल्या जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-कोंबड्या. बोईसरला रोजच्या दुखण्यांसाठी मांजर दाखवता येतं, पण पोटाच्या आतलं काही असेल तर मुंबई. चिल्हार फाट्यावरून हायवे गाठायचा आणि वर्सोवा पुलाच्या ट्रॅफिकमध्ये देवाचं नाव घ्यायचं. तिकडे सोनोग्राफी झाली, सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या, आणि निदान आलं: आतड्याचा लिम्फोमा, मोठ्या पेशींचा, म्हणजे वेगाने पसरणारा. उपचार तीन औषधांचा: व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन, सायक्लोफॉस्फामाइड, आणि घरी रोज प्रेडनिसोलोन. सुरुवातीला दर आठवड्याला, मग तीन आठवड्यांनी एकदा.

(जाता जाता: परळ ही काय जागा आहे! १८८६ साली सुरू झालेलं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज तिथे, बाई साकरबाई पेटिट जनावरांचं हॉस्पिटल त्याच आवारात, आणि १९४१ पासून टाटा मेमोरियलही जवळच. माणसांचा कॅन्सर आणि जनावरांची दुखणी इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर. आता २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं हॉस्पिटलही झालंय. विरार-डहाणू लोकलने धक्के खात जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सगळं सारखंच लांब, ते सोडा.)

पहिलं इंजेक्शन झालं आणि बातमी मजल्यावर पसरली. शेजारच्या काकू आल्या. "अगं, केमिकल कशाला घालतेस त्या मुक्या जिवात? इम्युनिटी पार जाईल. काहीतरी झाडपाल्याचं दे."

काकूंच्या दारात कुंडीत सदाफुली आहे. तुमच्याही असेल. तर व्हिन्क्रिस्टीन येतं त्याच सदाफुलीतून! १९५०च्या दशकात कॅनडातल्या नोबल आणि बीअर या दोघांनी ही पानं तपासायला घेतली ती मधुमेहासाठी; जमैकात लोक त्यांचा काढा मधुमेहावर घेत (आपल्याकडे अजूनही घेतात). उंदरांच्या साखरेवर काडीचा फरक पडला नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड घसरल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. म्हणजे ह्या वनस्पतीतलं औषध सापडलं तेच मुळी ती इम्युनिटी उतरवते म्हणून! पांढऱ्या पेशी मारते, मग पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर वापरून पाहू, असा साधा सरळ विचार. व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली परवानगी मिळाली. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, त्यामुळे कुंडीतली चार पानं वाटून कोणाचाही लिम्फोमा बरा होणार नाही, हेही सांगून टाकते. नाहीतर उद्या व्हॉट्सअॅपवर फिरायचं.

तर "झाडपाला विरुद्ध केमिकल" हे भांडणच मला पटत नाही. प्रश्न एवढाच असतो की त्यात नेमकं काय आहे, किती आहे, आणि ते ह्या प्राण्याच्या अंगात जाऊन काय करतं.

हे सगळं आता शहाणपणाने लिहितेय. तेव्हा मात्र रात्री दीड वाजता मी मोबाइलवर "कॅट इम्युनिटी बूस्टर" शोधत होते. आपल्या प्रोफेशनचा रोग आहे हा: समोर प्रॉब्लेम आहे आणि आपण काहीच करत नाहीयोत, हे सहन होत नाही. इंजेक्शन डॉक्टर देणार, रिपोर्ट लॅब देणार, मग मी काय करू? मी ऑर्डर दिली. चौदाशे पन्नास रुपये. गुळवेल, अश्वगंधा, हळद, स्पिरुलिना, लायसिन, आणि डब्यावर एक अतिशय तंदुरुस्त पर्शियन मांजर.

तिसऱ्या इंजेक्शननंतर दोन दिवसांनी अर्धा चमचा पावडर तिच्या खाण्यात मिसळली. चिंगीने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मागचा पाय झटकला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत साधं खाणं ठेवलं, पावडर न घालता. हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वाटी बदलली, तरी नाही. मांजरांचं असं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं: मळमळत असताना एखादा वास नकोसा झाला की त्या खाण्यावरचं मनच उडतं. आणि मांजर दोन-चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि तो आजार कॅन्सरची वाट न पाहताच मांजर घेऊन जाऊ शकतो.

अडीच दिवसांनी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "औषधांशिवाय आणखी काही देताय का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? लाज वाटली म्हणून. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय काही देऊ नका. आणि मला वाटलं, अर्ध्या चमच्याने असं काय होतंय.

आता माझ्या उत्तराचं पुढे काय झालं बघा. व्हिन्क्रिस्टीनने मांजरांची भूक जाते, आतडं मंदावतं. हे माहीत असलेला परिणाम आहे. दुसरं काही दिलेलं नाही, मग दोष औषधाचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माझ्या माहितीवरून तो अगदी बरोबर होता. वजन तीन किलो शंभरवर आलेलं. चौथं इंजेक्शन आठवडाभर पुढे गेलं आणि डोस कमी झाला. ज्या रोगात पहिले काही आठवडे सगळ्यात महत्त्वाचे, त्यात एक आठवडा गेला आणि एक डोस अर्धामुर्धा. का, तर मी लॉगमध्ये खोटी एंट्री केली म्हणून. ऑफिसात ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कबुली द्यायला लावली ती बाबांनी.

बाबा तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला, सत्तावीस वर्षं. आता रिटायर. आमच्या घरात गूळसुद्धा लेबल वाचल्याशिवाय येत नाही. त्यांनी तो डबा चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला.

"अॅसे कुठाय?"

"बाबा, पावडर आहे ती, सप्लिमेंट."

"पावडरच बनवायचो ना आम्ही. गुळवेल किती टक्के? कुठला भाग, खोड की पान? शिसं, पारा तपासलंय का? 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणजे काय गं, सांगणार नाही म्हणजे?" मग डबा खाली ठेवून म्हणाले, "आमची अशी बॅच गेटबाहेर गेली नसती. डॉक्टरांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. मग सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुढच्या वेळी त्यांनी डोस पूर्ववत केला आणि चिंगी नीट खात राहिली. मग भूक पावडरनेच गेली होती का? आजही सांगता येणार नाही. एकाच रिलीजमध्ये दोन बदल केले की बग कुठल्या बदलाने आला ते कळत नाही. माझा मुख्य आक्षेप ह्यालाच आहे. सप्लिमेंट अगदी निरुपद्रवी असलं तरी ते केमोच्या मधोमध टाकलं की डॉक्टरांना दिसणारं चित्र गढूळ होतं.

आणि निरुपद्रवी तरी असतं का? मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे, छोटा कुत्राही नव्हे. आपलं यकृत ज्या एका मार्गाने बरीचशी औषधं आणि वनस्पतींमधली द्रव्यं बाहेर काढतं, तो मार्ग मांजरात फार दुबळा आहे. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध माणसांना देतात, कुत्र्यांना देतात. मांजराला दिलं तर फुप्फुसात पाणी होऊन ते मरतं. लसूण आणि कांदा, आपल्या दृष्टीने केवढे गुणकारी, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

ह्यात एक अगदी घरगुती धोका आहे, तो मुद्दाम सांगते. आतड्याच्या लिम्फोमात मांजराचं बी-१२ बऱ्याचदा कमी होतं, आणि ते भरून काढणं खरंच उपयोगाचं असतं. हे मी वाचलं आणि माझा डोळा बाबांच्या औषधांच्या डब्याकडे गेला. मधुमेहात पायांना मुंग्या येतात म्हणून त्यांना मेथिलकोबालामिनच्या कॅप्सूल आहेत. म्हणजे बी-१२च की! पण पाकीट उलटं करून वाचलं तर त्यात सोबत अल्फा लिपोइक अॅसिड, शंभर मिलिग्रॅम. भारतात हे बऱ्याचदा जोडीने विकलं जातं, घरोघरी असतं. आणि मांजरांना ते विषारी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किलोमागे तीस मिलिग्रॅमने निरोगी मांजरांच्या यकृताला इजा झाली होती. साडेतीन किलोच्या मांजराला एक कॅप्सूल म्हणजे जवळजवळ तेवढंच. चिंगीला बी-१२ मिळतं, पण रक्तातलं प्रमाण मोजल्यावर, इंजेक्शनने, डॉक्टरांच्या हातून.

आता त्या शब्दाकडे वळते. इम्युनिटी. २०२० नंतर आपल्याकडे हा शब्द चहापासून गादीपर्यंत सगळ्यावर छापून झाला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले, यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले, आणि ते २०२१ मध्ये शोधपत्रिकेत छापून आलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, वाद झाला. सहा ही संख्या लहानच, मान्य. पण ती माणसं होती, ज्यांचं यकृत ह्या कामात मांजरापेक्षा कितीतरी तयार असतं.

मुळात इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी नाही, की पातळी खाली गेली म्हणून वरून ओतलं. त्यात अनेक पेशी, अनेक संदेश. लिम्फोमा हा तर लिम्फोसाइट्सचा कॅन्सर, म्हणजे खुद्द इम्युनिटीच्याच पेशी बेलगाम झालेल्या. आणि प्रेडनिसोलोन आपण देतो ते त्या पेशींना दाबायलाच. मग सकाळी दाबायची गोळी आणि संध्याकाळी वाढवायची पावडर, ह्याचा अर्थ काय? पावडरवाल्यांना विचारा, कोणती पेशी वाढवणार? किती? कुठल्या रिपोर्टात दिसेल?

केमोत मोजायची गोष्ट एक आहे: न्यूट्रोफिल. इंजेक्शननंतर साधारण आठवडाभराने त्या तळाला जातात. दीड-दोन हजारांच्या खाली असल्या तर पुढचा डोस थांबवतात. फारच खाली गेल्या आणि ताप आला तर अँटिबायोटिक्स, सलाइन, अॅडमिट. न्यूट्रोफिल खरोखर वाढवणारं औषधही आहे, फिलग्रास्टिम नावाचं, पण ते इंजेक्शन आहे, माणसाच्या प्रथिनाचं, आणि डॉक्टर ते क्वचित, नाइलाजाने वापरतात. जिथे खरा बूस्टर आहे तिथे एवढी सावधगिरी, आणि जिथे काहीच सिद्ध नाही तिथे "रोज दोन वेळा, आयुष्यभर"!

सगळंच थोतांड आहे असंही मी म्हणत नाही. फिश ऑइलवर २००० साली लिम्फोमा झालेल्या बत्तीस कुत्र्यांचा चांगला अभ्यास झाला आणि त्यात काही फायदा दिसला. पण ते कुत्रे, आणि जास्त मात्रेत फिश ऑइल रक्त गोठण्यात अडथळा आणतं. एका औषधी अळंबीच्या अर्कावर २०१२ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात पंधरा कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्याचा केवढा गाजावाजा! २०२२ मध्ये तिथूनच आलेल्या मोठ्या अभ्यासात केमोपेक्षा जास्त आयुष्य काही मिळालं नाही. पहिली बातमी सगळ्या डब्यांवर आहे, दुसरी नाही. लायसिनचंही तेच: मांजरांच्या हर्पिससाठी ते वर्षानुवर्षं दिलं गेलं, आणि २०१५ च्या आढाव्यात ते बंद करा असा सल्ला निघाला. व्हिटॅमिन सी? मांजर स्वतःच्या यकृतात बनवतं.

मग मी काय करते? खाऊ घालते. हे ऐकायला फारच साधं आहे, आणि त्याला डब्यावर पर्शियन मांजर नाही. आई सातपाटीच्या कोळणीकडून मांदेली घेते, मीठ-हळद न घालता उकडते, काटे काढते, आणि कोमट असतानाच वाटीत घालते, कारण गार खाण्याला वास नसतो आणि चिंगी नाकाने जेवते. मुख्य खाणं मात्र पूर्ण आहाराचंच, नुसते मासे नाहीत. मळमळीचं औषध वेळेवर, भूक लागायची गोळी डॉक्टर सांगतील तेवढाच तुकडा. तिच्या शी-शूच्या ट्रेला हातमोजे, कारण औषध त्यातून बाहेर पडतं.

कच्चं मांस बंद. "मांजर आहे, कच्चंच खाणार ना, ताकद येते" असं सांगणारे इथे पुष्कळ, आणि चिकनच्या दुकानातले तुकडे फुकटही मिळतात. पण पांढऱ्या पेशी कमी असताना साल्मोनेला परवडणारा नाही. शिवाय नागपूरच्या गोरेवाड्याचं आठवा: डिसेंबर २०२४ मध्ये तिथले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि संशय खायला दिलेल्या कोंबडीवरच होता. वाघाची इम्युनिटी कमी पडली, तर चिंगी काय!

चौदाशे पन्नासच्या डब्यात बोईसरला दोन वेळा रक्त तपासून होतं. माझं मत विचाराल तर पैसे तिकडे घाला. आणि आधीच काही देत असाल तर आज डॉक्टरांना फोन करून सांगा. नाव, मात्रा, कधीपासून. डब्याचा फोटो पाठवा. ते ओरडतील ही भीती मलाही होती.

बाबांनी एक वही केलीय, त्यांच्या जुन्या बॅच रेकॉर्डसारखी. तारीख, वेळ, किती ग्रॅम खाल्लं, किती टाकलं, उलटी, ताप, वजन, औषध, कोणी दिलं त्याची सही. सहीसुद्धा! आईने पहिल्या दिवशी नकार दिला, आता करते. ताप साडेएकोणचाळीस सेल्सिअसच्या वर गेला तर मला उठवायचं, असं पहिल्या पानावर लाल शाईत आहे. एकदाच उठवलं आतापर्यंत, आणि तेव्हा थर्मामीटर बिघडला होता.

परवा काकू परत आल्या होत्या, हातात एक बाटली. त्यांच्या बहिणीच्या पोमेरेनियनला म्हणे फार गुण आला. मी घेतली. काकूंना नाही म्हणण्याची माझ्यात हिंमत नाही, आणि त्या चिंगीवर जीव लावतात हे खरंच आहे. बाटली फ्रिजवर आहे, सील न तोडता. बाबांनी वहीत नोंद केलीय: "मिळाली. वापर नाही."

मंगळवारी पुढचं इंजेक्शन. आदल्या दिवशी रक्त द्यायचंय, आकडा बरा आला तर पहाटे पाचला निघू. त्या वेळी वर्सोवा पूल मोकळा असतो.